मास्तर, तुम्ही मला विचारलं होतं

मास्तर, तुम्हाला जाऊन आज नववा दिवस, आणि मी तुमच्याशी भांडायला बसलो आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये, हे मलाही कळतं. पण जिवंत असताना तुम्ही एकही भांडण पुरं होऊ दिलं नाहीत. वाद रंगात आला की "चला, प्रार्थना करू" म्हणायचात आणि डोळे मिटून घ्यायचात. डोळे मिटलेल्या माणसाशी कुणी काय वाद घालायचा? मी आपला मुकाट्यानं मान खाली घालायचो आणि मनातल्या मनात पुढचा मुद्दा जुळवत राहायचो. ते सगळे मुद्दे अजून माझ्याजवळ पडून आहेत.

ही अक्षरंसुद्धा तुम्हीच दिलेली. सरकारी मदरशात मी उर्दू शिकलो. दवाखान्याचा कागद झरझर लिहायचो, पण मराठीत स्वतःचं नाव लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. तुम्ही मला, चांगल्या तीस वर्षांच्या बाप्याला, पडवीत बसवून बाराखडी गिरवून घेतलीत. "शांतवन, देव तुझी उर्दू बी समजतो, पन तुझ्या आईला समजत न्हाय," म्हणालात. आईला वाचता येत नव्हतं, हे तुमच्या ध्यानातच नव्हतं. मी बोललो नाही. तुमच्यासमोर गप्प बसायची सवय मला तेव्हापासूनची.

मुरूम गावाच्या पुढं दोन कोसांवर आपली वस्ती. दवाखान्याच्या दोन खोल्या. एकीत मी, कंपौंडर, मलमपट्टी करायचो आणि दुसरीत तुम्ही, वस्तीचे उपदेशक, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचात. लोक दोन्हीकडं जायचे. कुणी आधी तुमच्याकडं, कुणी आधी माझ्याकडं. बरं झाल्यावर मात्र बहुतेक जण तुमच्याच पाया पडायचे, याचा मला राग यायचा. आज कबूल करतो.

हात ठेवण्याआधी तुम्ही प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचात. बरं व्हायचंय का, हा नव्हे. "बदलायला तयार हाईस का?" हा. तो पोटदुखीवाला आठवतो? पोट धरून वाकडा झाला होता बिचारा. त्याला तुम्ही विचारलंत, "बायकोला मारनं सोडशील का?"

"त्याचा पोटाशी काय संबंध, मास्तर?"

"मला काय ठावं. सोडून बघ."

मी त्याला ओव्याचा अर्क दिला, तुम्ही प्रार्थना केलीत. दहा दिवसांनी तो ताठ चालत आला. आपण दोघांनी एकाच वेळी विचारलं, "कशानं बरं वाटलं?" त्यानं एकदा तुमच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाला, "दोनीनं." लबाड होता. पण त्याच्या बायकोच्या अंगावरचे वळ गेले होते, तेही मी पाहिलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, दुखणं जाणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. मी म्हणालो, मग दवाखान्याला कुलूप लावतो. तुम्ही डोळे मिटलेत.

तो वाद तिथंच राहिला. मला अजून कळलेलं नाही. खरंच कळलेलं नाही.

माझी आई तुम्हाला पुरून उरली होती. मी बाप्तिस्मा घेतला त्या आठवड्यात ती बोचकं बांधून तामलवाडीला मामाकडं गेली, ती पाच वर्षं तिथंच. मामा वारला तेव्हा नाइलाजानं परत आली आणि माझ्याच घरात वेगळी चूल मांडून बसली. एस्तेरनं, माझ्या बायकोनं, केलेल्या भाकरीला तिनं कधी हात लावला नाही. एका छपराखाली दोन धूर. तुम्ही रोज यायचात, तिच्या चुलीपुढं उकिडवे बसायचात. मामाच्या गावच्या पाण्यातून तिनं नारू आणला होता. डाव्या घोट्याला फोड आला, फुटला आणि किड्याचं दोऱ्यासारखं पांढरं टोक बाहेर आलं. मी रोज ते काडीला गुंडाळून बोटभर ओढायचो. जास्त ओढलं तर तुटतं आणि तुटलं तर पाय जातो, म्हणून बोटभरच.

"आजी, पाय बरा व्हावा वाटतंय का?" तुम्ही विचारायचात.

"वाटतंय की."

"आन् मन?"

"मनाला काय धाड भरलीया माझ्या?"

तुम्ही हसायचात. मला हसू येत नव्हतं. मी सहा वर्षं आईच्या एका शब्दाची वाट पाहत होतो. आणि मागच्या उन्हाळ्यात, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या एका सकाळी, तो शब्द आला. ती तुम्हाला म्हणाली, "मास्तर, मरायच्या आदी म्या सुनंच्या हातची भाकर खानार हाय. कुठं बुडवायचं ते बुडवा. नाव तेवढं बदलू नगा, बाकी काय बदलायचं ते बदला." एस्तेर दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

एरवी बाप्तिस्मा ओढ्याच्या डोहात व्हायचा. त्या वर्षी ओढा ठणठणीत कोरडा पडला होता. पाणी होतं ते आपल्याच विहिरीत. गावच्या विहिरीवर आपल्याला मज्जाव, म्हणून वस्तीनं चार उन्हाळे खपून पायऱ्यांची विहीर खणली होती. नव्या विहिरीचं पाणी चांगलं होतं, नारूचं नावसुद्धा नव्हतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या लावायला लावल्या होत्या. पाणी वरून पोहऱ्यानंच शेंदायचं. त्यांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं, की नारूचा पाय पाण्यात बुडाला की किडा पाण्यात पिल्लं सोडतो, ती डोळ्यांना दिसत नाहीत, तेच पाणी प्यायल्यावर वर्षभरानं माणसाला नारू होतो. तुम्ही तेव्हा खेड्यांवर गेला होतात. वस्तीत हे ठाऊक असलेला माणूस एकच, तो मी.

बाप्तिस्म्याच्या दिवशी काट्या बाजूला केल्या. वस्ती विहिरीभोवती जमली होती. तुम्ही दोन पायऱ्या उतरून थांबलात, मागं वळलात आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "शांतवन, बाई नारूच्या पायाचं कायतरी म्हनत हुत्या न्हवं? आजीला पान्यात उतरवलं तर चालंल का? न्हायतर पाऊस पडूस्तोवर थांबू."

मी आईकडं पाहिलं. पांढऱ्या लुगड्यात ती एका पायरीवर बसली होती, पायाची चिंधी सोडून. सहा वर्षं, मास्तर. पाऊस पडेपर्यंत तिचं मन टिकेल याची मला खात्री नव्हती. मी म्हणालो, "काय होत न्हाय. उतरवा."

तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत आणि उतरलात.

ती पाण्यातून बाहेर आली तेव्हा थरथरत होती आणि हसत होती. आणि पुढच्या चार दिवसांत नारू सबंध निघाला, हातभर लांब, कुठंही न तुटता. जखम भरली. वस्तीनं गाणी म्हटली. आईनं आपली चूल स्वतःच्या हातानं मोडली, तिचे दगड परसात नेऊन टाकले आणि एस्तेरच्या शेजारी जेवायला बसली. पहिला घास घेताना म्हणाली, "मीठ कमी हाय." एस्तेर रडली. मी देवाचे आभार मानले. मनापासून मानले, खोटं सांगत नाही. आणि आभार मानताना माझं लक्ष विहिरीकडं जात होतं, तेही खोटं नाही. दोन्ही एका वेळी कसं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला विचारायचं होतं.

यंदा उन्हाळा चढायला लागला आणि फोड यायला लागले. आधी दोघांना. मग एकदम पाच जणांना. बघता बघता अकरा झाले, तुम्हाला धरून. तुमच्या उजव्या पायाला आला. माझ्या घरात कुणालाच नाही. एस्तेर बाप्तिस्म्याच्या दिवसापासून पाणी उकळून द्यायची. मी तिला का म्हणून सांगितलं होतं, ते तिनं कधी विचारलं नाही. एवढं माझ्या घरापुरतं मला सुचलं होतं, मास्तर. वस्तीला सांगायचं सुचलं नाही. सुचलं नाही की धीर झाला नाही?

डॉक्टरीणबाई आल्या. लिंबाखाली सगळ्यांना बसवून त्यांनी पाय पाहिले आणि चिडून विचारलं, या विहिरीत नारूचा पाय कुणी घातला? मी त्यांच्या मागं मलमाचं ताट धरून उभा होतो. माझं तोंड उघडलं होतं की नाही, हे मी नऊ दिवस आठवून पाहतो आहे. कधी वाटतं, उघडलं होतं, तुम्हीच घाई केलीत. कधी वाटतं, ओठ घट्ट मिटले होते. तुम्ही लंगडत उठलात आणि म्हणालात, "म्या उतरवलं, बाई. कुनालाच इचारलं न्हाय. माझ्याच डोक्यानं केलं."

जन्मभर खरं बोला म्हणून सांगणारा माणूस भर वस्तीसमोर धडधडीत खोटं बोलला. आणि ज्याच्यासाठी बोलला तो ताट धरून उभा राहिला.

त्या दिवशी दिवस कलता तुम्ही दवाखान्यात आलात. पाय पुढं केलात. मी काडी फिरवत होतो आणि वाट पाहत होतो, आता बोलाल, मग बोलाल. तुम्ही विचारलंत, "आईला एस्तेरच्या हातची भाकर लागतीया का?"

"लागतीया."

"मग झालं," म्हणालात आणि उठून गेलात.

मग झालं म्हणजे काय झालं, मास्तर? मला माफ केलंत, असं झालं? की माझ्या आईची भाकरी अकरा पायांना पडली, हे मला ऐकवलंत? की तुम्हाला खरंच एवढंच विचारायचं होतं, आणि बाकी सगळं माझ्याच मनाचे खेळ? तुम्ही सरळ शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

त्यानंतर तुम्ही बदललात. दुसऱ्याला विचारायचा तो प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारलात, कोण जाणे, पण तुमचा उपदेश एकदम फिरला. लढाई चालू, कापड कंट्रोलवर, मोजूनमापून मिळायचं. तुम्ही आपलं चांगलं धोतर फाडून त्याची फडकी केलीत, मग दुसरं फाडलंत आणि आखूड पंचा नेसून घरोघर हिंडायला लागलात. "दुपदरी फडकं घागरीच्या तोंडाला बांधायचं, गाळल्याबिगर थेंब प्यायचा न्हाय." लोक तोंडावर हसायचे. एक जण म्हणाला, "उपदेशक आता चिंध्या वाटतोय." ज्यांच्या घरी नारू होता ते दार लावून घ्यायचे. तुम्ही बाहेर फडकं ठेवून पुढं जायचात. मी ओरडायचो, पाय टेकू नका, नारू तुटेल. शेजारच्या खेड्यांतही आपले लोक आहेत, त्यांना कोण सांगणार, म्हणून तुम्ही तिथवर गेलात. खरं तर मी जायला हवं होतं. माझे दोन्ही पाय धड होते.

तिसऱ्या खेड्याच्या वाटेवर नारू तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, तुम्ही तापानं फणफणलात. सोलापूरला न्यायला गाडी जुंपली, पण गाडीत घालण्यासारखे तुम्ही राहिलाच नाहीत. मी उशाशी बसलो होतो. मी म्हणालो, "मास्तर, मला बोलायचंय." तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "आधी पानी दे. गाळून दे." मी पाणी गाळून आणेपर्यंत तुम्हाला ग्लानी आली होती. त्या ग्लानीतून तुम्ही परत आला नाहीत.

तुमच्या कबरीची खाच खणायला चौघंच आले, मास्तर. मी मोजत नव्हतो, पण चौघं असले की दिसतंच. ज्यांच्या पायांना चिंध्या आहेत त्यांची घरं बंद होती. एकजण मला म्हणाला, "बाप्तिस्म्याच्या हौसंपायी वस्तीला नारू लावून गेला." मी कुदळ हातात घेऊन ऐकलं. कुणी मारलं तुम्हाला? मी? तुमच्या चालण्यानं? आईच्या होकारानं? त्या पाण्यानं? त्याच पाण्यातून माझी आई नवी होऊन बाहेर आली आणि त्याच पाण्यानं तुम्हाला नेलं. देवाचं यात काय होतं आणि माझं काय होतं, याची फोड करायला बसलो की माझं डोकं चालेनासं होतं. आईचं मन बदललं ते खोटं म्हणू? तसं म्हणवत नाही. रोज ती एस्तेरच्या डोक्याला तेल लावते, ते मी पाहतो.

तीन दिवसांपूर्वी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्या जवळच बसले हुते. ऐकलं हुतं, मास्तर काय इचारतात ते." मी थक्क झालो. "मला वाटलं, तुला ठावं असंल. तू शिकलेला." मग म्हणाली, "मास्तरीणबाईला जाऊन सांग. म्या येऊ का संगं?" मी नको म्हणालो. खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं, कारण मला वेगळीच अडचण दिसत होती. मी खरं बोललो की तुम्ही खोटे ठरता. तुमच्या नावावरचा एक डाग पुसायचा तर दुसरा लावायचा. कंपौंडरनं फसवलं हे लोक विसरतील, पण उपदेशक खोटं बोलला हे विसरणार नाहीत. म्हणून गप्प बसावं, तुमच्यासाठीच गप्प बसावं, असं मी दोन दिवस स्वतःला पटवत होतो. छान पटत होतं. इतकं छान पटत होतं की त्याचाच मला संशय आला.

काल दुपारी तुमच्या घरी गेलो. मास्तरीणबाई भिंतीला टेकून, पाय लुगड्याखाली दुमडून, सुपात ज्वारी निवडत होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या अशाच बसून असतात, दुःखानं बसल्या असतील, असं सगळे म्हणतात. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "कंपौंडर, एक इचारू का? एरंडेल घ्यायचं म्हनलं तरी हे तुमाला इचारायचे. मग त्या दिशी कसं इचारलं न्हाय? लई डोकं शिनवलं म्या. म्हातारपनी बेफिकीर झाले का वं?"

मी म्हणालो, "बाई, विचारलं होतं."

त्यांचे हात थांबले. "तुमी काय म्हनालाव?"

"काय होत न्हाय म्हणालो."

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "म्हंजी इचारलं हुतं त्यांनी."

"व्हय."

"आन् समद्यांम्होरं न्हाय म्हनाले."

"व्हय. माझ्यासाठी."

त्यांना हसू आलं. खरंच हसल्या, मास्तर, आणि हसता हसता पदर तोंडात धरला. "पंचवीस वर्सांत माझ्याशी एकदा बी खोटं बोलले न्हायती. बोलायला गेले की कान लाल व्हायचे. त्या दिशी कान बघितले न्हाय म्या." मग शांत झाल्या. "आठ दिस त्यांच्यावर चिडून हाय म्या, कंपौंडर. मेलेल्या मानसावर. तुमी आठ दिस येताव, बसताव, जाताव."

मी मान खाली घातली. म्हणालो, "आईतवारी उपासनेत उभा राहून सांगतो. पण मास्तर खोटं बोलले, हे बी सांगावं लागंल."

"सांगा. म्या म्होरं बसते." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुमच्याकडं बघवत न्हाय मला आज. पन जाऊ नगा."

आणि त्यांनी लुगड्याचा काठ वर केला. डाव्या घोट्याला मळकी चिंधी बांधली होती. ती सोडली तेव्हा फुटलेल्या फोडातून पांढरं टोक दिसलं. दहा-बारा दिवसांचा असावा.

"ते तापात हुते, त्यांनाबी दाखवला न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावावर आनखी एक नगं म्हनून झाकून बसले हुते. आता तुमच्या नावावर घाला."

मी पडवीत जाऊन हात धुतले, कुडातली एक काडी मोडून घेतली आणि बाईंचा पाय मांडीवर घेतला.